गाडीच्या नळ्यांचे झटपट जोड : कोणता जोड, कोणते हत्यार?



तुषार सिंचनाचा संच ज्यांच्याकडे आहे, त्यांना झटपट जोड म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पाइपाच्या टोकाची कडी उचलली की पाइप सुटतो, दुसऱ्या पाइपात सरकवून कडी अडकवली की बसतो. ना आटे, ना पाना. आत रबरी रिंग असते, ती पाणी धरते आणि कडी पाइप धरते. मोटार चालू असताना कडी उचलायला गेलात तर ती हलत नाही, आणि जोर करून हललीच तर तोंडावर पाणी येते. हेही आपण एकदा तरी अनुभवलेले असते.

अगदी याच तत्त्वाचे जोड आता आपल्या पिकअपमध्ये, मालाच्या टेम्पोमध्ये आणि नव्या ट्रॅक्टरमध्येही आले आहेत. पूर्वी डिझेलची नळी म्हणजे रबरी होज आणि त्यावर पट्टीचा क्लॅम्प. पेचकसाने ढिला करायचा, नळी ओढायची, काम झाले. गाड्यांना बी.एस. ६ चा नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाला, आणि पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना त्यांचा नवा धूरनियम १ जानेवारी २०२३ पासून. नव्या यंत्रणेत इंधनाच्या नळ्या बहुधा काळ्या, कडक नायलॉनच्या असतात आणि टोकाला प्लास्टिकचा टचकन बसणारा जोड असतो. बसतो टचकन, पण सोडवायची रीत ठाऊक नसेल तर तुटतोही टचकन. आणि तुटला की नुसता जोड सहसा मिळत नाही. तो कारखान्यातच नळीत दाबून बसवलेला असतो, म्हणून बरेचदा सबंध नळीच विकत घ्यावी लागते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या तालुक्यातला एक शेतकरी गट दर रविवारी मुंबईत काळाचौकी आणि कॉटन ग्रीन भागातल्या सोसायट्यांमध्ये थेट भाजी विकतो. एका खेपेला मीही त्यांच्याबरोबर होतो. कॉटन ग्रीन हे नाव कापूसवाल्यांनी ऐकलेले असेल. हार्बर लाइनवर शिवडी आणि रे रोड यांच्या मधले हे स्टेशन. मुंबईचा कापूसबाजार पूर्वी कोटात आणि मग कुलाब्याला भरे. पुढे पोर्ट ट्रस्टने शिवडीकडे भरणी घालून गाठींसाठी गोदामे बांधली, आणि १९२० च्या दशकात कापूस बाजाराची ती मोठी इमारत इथे उभी राहिली. आपल्या आज्या-पणज्यांच्या शेतातला कापूस गाठी होऊन इथवर आला असेल. आता गाठींचे ते दिवस उरले नाहीत, पण गोदामांच्या त्या लांबलचक भिंती आहेत, आणि त्यांच्या कडेला ट्रक उभे असतात.

तिथेच, सकाळी साडेसहाला, आमच्या पिकअपचा पिवळा दिवा लागला. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचल्याची ती खूण. ड्रायव्हर म्हणाला, फिल्टर काढून झटकतो. शेजारच्या ट्रकचा क्लीनर मदतीला आला. त्याने जोडाच्या फटीत पेचकस घातला आणि पिळला. टचकन आवाज आला, जोडाची एक पाकळी तुटून हातात आली, डिझेलची धार लागली. रविवार, दुकाने बंद. मागे मेथी, पालक, कोथिंबीर. ऊन चढत गेले. दुपारी एकला नळी मिळाली, तोवर मेथी मान टाकून बसली होती. निम्म्या भावात गेली आणि उरलेली वाटून टाकली.

नळी घेऊन जे वयस्कर मिस्त्री आले, त्यांनी आधी फिल्टरच्या बुडाशी बोट ठेवले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “भाऊ, पाणीच काढायचं होतं ना? मग हा खालचा पेच ढिला करायचा. वरच्या नळीला हात कशाला लावला?” आणि खरेच, मुळात जोड सोडवण्याची गरजच नव्हती! तेव्हा हत्याराच्या गोष्टी करण्याआधी एवढे सांगतो : फिल्टरमधले पाणी काढायला तळाशी पेच असतो. इंजिन बंद करा, खाली डबा धरा, पेच थोडा ढिला करा, पाणी जाऊन स्वच्छ डिझेल आले की बंद करा. जोड सोडवायचा तो फिल्टर बदलताना, नळी बदलताना किंवा टाकी उतरवताना.

आधी दाब, मग हात

कोणत्या नळीत किती दाब असतो याचा अंदाज हवा. ठिबकला साधारण एक किलो, तुषारला अडीच-तीन किलो दाब आपण धरतो. पेट्रोलच्या इंजेक्शनवाल्या गाडीत पंपापासून इंजिनापर्यंतच्या नळीत तीन-चार किलो दाब असतो, म्हणजे तुषारच्या पाइपाएवढाच. पण आत पाणी नाही, पेट्रोल आहे! त्या गाडीत इंधनपंपाचा फ्यूज काढावा, इंजिन चालू करावे, ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबावे, मग बॅटरीची काळी वायर सोडवावी. एवढे करूनही जोडावर फडके गुंडाळूनच हात घालावा, थोडे इंधन येतेच. बिडी-काडी दूर. इंजिन गार झालेले असावे.

डिझेलमध्ये टाकीपासून फिल्टर आणि पंपापर्यंतची नळी कमी दाबाची. पंपाच्या पुढे इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप मात्र नव्या इंजिनात हजार किलोच्या वर दाब धरतात. त्यांना झटपट जोड नसतो, आट्याचे नट असतात. इंजिन चालू असताना त्या नटाला कधीही पाना लावू नये. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, बोट फिरवू नये.

सी.एन.जी.च्या गाडीत टाकीत दोनशे किलोच्या आसपास दाब असतो. तिथे आपले काम नाही, मान्यताप्राप्त केंद्रातच जावे. गाडीतल्या ए.सी.च्या पाइपांचेही तसेच. तो गॅस अंगावर आला तर थंडीने कातडी जळते.

जोड ओळखा

हत्यार विकत घेण्याआधी जोड स्वच्छ धुऊन नीट बघा. चिखलाने भरलेला जोड कोणत्याच हत्याराने सुटत नाही. चिखल पाकळ्यांमागे घट्ट बसतो. ब्रशने आणि थोड्या डिझेलने साफ करा, फुंकर मारा, मग बॅटरी मारून बघा.

पहिला प्रकार, दोन बाजूंना दोन कळा असलेला. याला हत्यार लागतच नाही. दोन्ही कळा एकदम चिमटीत दाबायच्या आणि ओढायचे. एकच कळ दाबली तर नळी तिरकी होते आणि अडकते. जागा अडचणीची असेल, बोटे पोचत नसतील, तर वाकड्या तोंडाची खास पक्कड मिळते. साधी दातेरी पक्कड वापरली तर कळांचे कान निघतात.

दुसरा प्रकार, ज्याला एक रंगीत सरकपट्टी किंवा खुंटी असते. हे दुहेरी कुलूप. आधी ती पट्टी सरकवायची, मग कळ दाबायची. पट्टी बहुधा पेचकसाच्या टोकाने हलक्या हाताने सरकते. येथे पेचकस चालतो, पण ढकलायला. पिळायला नव्हे.

तिसरा प्रकार खरा हत्याराचा. बाहेरून काहीच दिसत नाही. नळीच्या टोकाजवळ बांगडीसारखा उंचवटा असतो, आणि जोडाच्या आत प्लास्टिकच्या पाकळ्या असतात. नळी आत गेली की पाकळ्या त्या उंचवट्याच्या मागे अडकतात. ओढाल तितक्या त्या घट्ट धरतात, म्हणूनच जोर लावणारा हरतो. सोडवायला नळीवर बरोबर बसणारी चिरलेली बांगडी लागते. ती नळीवर चढवून जोडाच्या तोंडात सरकवायची. तिची कड पाकळ्यांना चारी बाजूंनी सारखी फाकवते आणि नळी निघते.

चौथा प्रकार, जोडावर पिंजऱ्यासारखी कड आणि तिच्या आत गोल स्प्रिंग. हा ए.सी.च्या आणि काही गाड्यांच्या इंधनाच्या नळीवर असतो. त्याचे हत्यार डबीसारखे दोन अर्ध्यांचे असते. डबी नळीभोवती मिटायची आणि पिंजऱ्यात ढकलायची, म्हणजे स्प्रिंग फाकते. तिसऱ्याचे हत्यार चौथ्याला चालत नाही. दुकानदार ‘एकच आहे हो’ म्हणेल, तरी मानू नका.

पाचवा, नालासारखी वाकवलेली तार. टर्बोच्या हवेच्या जाड पाइपावर आणि पाण्याच्या होजवर ती दिसते. तार सबंध उपटायची नसते, खाच येईपर्यंत उचलायची. आकडा वाकवलेली सळई पुरते. पाण्याचा होज इंजिन गरम असताना उघडू नये.

माप कसे घ्यावे

तिसऱ्या प्रकारात सगळी चूक मापात होते. बांगडीचा आकार जोडावरून ठरत नाही, नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ठरतो. तोही उंचवट्यावरचा नव्हे, त्याच्या मागच्या गुळगुळीत भागाचा. प्रचलित मापे चार : ६.३, ७.९, ९.५ आणि ११.८ मिलिमीटर. पहिल्या तिघांना दुकानात पाव इंच, अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, आणि तीन अष्टमांश म्हणजे ३/८ इंच असेही म्हणतात.

व्हर्नियर नसेल तर घरचा उपाय आहे. वहीच्या कागदाची बारीक पट्टी नळीभोवती एक वेढा गुंडाळा, जिथे टोक मिळते तिथे खूण करा, पट्टी सरळ करून मोजा. खूण २० मिलिमीटरला आली तर नळी ६.३ ची. २५ ला आली तर ७.९ ची, ३० ला ९.५ ची आणि ३७ ला ११.८ ची. हा आकडा कागदावर लिहून दुकानात न्या. गाडीचे नाव सांगून हत्यार मागू नका, कारण एकाच गाडीत जाणारी आणि परत येणारी नळी वेगवेगळ्या मापाची असू शकते. ७.९ ला ८ चे हत्यार चालून जाते. पण ९.५ ला १० चे घेतले तर ते सैल बसते, एक पाकळी फाकते, दुसरी तशीच राहते, आणि माणसाला वाटते जोडच खराब आहे.

कोणते हत्यार घ्यावे

सगळ्यात स्वस्त म्हणजे प्लास्टिकच्या रंगीत बांगड्यांचा संच, मापागणिक एक रंग. घरच्या एका गाडीसाठी हा पुरे. वर्षातून दोनदा फिल्टर बदलणाऱ्याने महागडा संच घेऊन पेटीत गंजवायचा कशाला? प्लास्टिकचा एक गुणही आहे, तो नळीला ओरखडे पाडत नाही. दोष असा की कड झिजते आणि उन्हात पडून राहिला तर तडकतो. टूलबॉक्समध्ये डब्यात ठेवावा, डॅशबोर्डवर नव्हे.

ज्यांच्या गावात दोन-चार पिकअप आणि ट्रॅक्टर आहेत, किंवा अवजार बँक चालवणारा गट आहे, त्यांनी ॲल्युमिनियमचा संच एकत्र घ्यावा. घेताना बांगडीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. धार लागली तर तो संच नको. ती धार नायलॉनच्या नळीवर रेघ मारते, आणि त्या रेघेतून पुढे गळती सुरू होते. कात्रीसारखे, दोन पात्यांवर चार-सहा मापे असलेले हत्यारही मिळते. दिसायला हुशार, पण त्याला फिरायला जागा लागते. चॅसिसच्या आत, टाकीच्या वर, जिथे हात जेमतेम जातो तिथे ते निरुपयोगी. अशा जागी लांब दांड्याचे, वाकड्या मानेचे काटेरी हत्यार हवे. म्हणून माप घ्याल तेव्हा जागाही बघा : जोडाच्या मागे नळी किती सरळ आहे? दोन बोटे सरळ नसेल तर रुंद बांगडी चढणार नाही, अरुंद घ्या.

मुंबईला जाणे झाले तर हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट प्रसिद्ध आहे, पण एवढ्यासाठी मुंबई गाठायला नको. तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सांगून ठेवले तर मागवून देतात.

आणि अडल्या वेळी? बॉलपेनची पोकळ नळी लांबीने चिरून, ती मापाला घट्ट बसत असेल तर एकदा काम भागते. मी करून पाहिले आहे. बसत नसेल तर ठोकाठोक करू नका.

सोडवण्याची रीत

नळी आधी बाहेर ओढायची नाही, आधी आत ढकलायची. हे सगळ्या प्रकारांना लागू आहे. आत ढकलली की पाकळ्यांवरचा ताण जातो. तशी धरून बांगडी तोंडात सरकवा, ती टेकली की नळी सरळ मागे घ्या. पिळू नका. नाही आली तर पुन्हा आत ढकला, बांगडी थोडी फिरवा, पुन्हा घ्या. जुना जोड धुळीने चिकटलेला असतो, तो दोन-तीन वेळा आत-बाहेर हलवल्यावर सुटतो.

सुटलेली दोन्ही तोंडे ताबडतोब झाका. स्वच्छ प्लास्टिकची पिशवी आणि रबर पुरे. कापसाशी आपले नाते जुने असले तरी इंधनाच्या नळीत कापसाचा बोळा किंवा चिंधी कोंबू नका. एक तंतू आत गेला तर इंजेक्टरपर्यंत जातो, आणि नव्या इंजिनाचा इंजेक्टर फार महाग पडतो.

आतली रबरी रिंग बघा. चपटी झाली असेल, चीर असेल तर बदला. येथे एक सावधगिरी. पाण्याच्या किंवा ब्रेकच्या नळीची काळी रिंग मापाला बसते म्हणून डिझेलला लावू नका. त्यातले काही रबर डिझेल-पेट्रोलने फुगते. ‘इंधनाची रिंग’ असे स्पष्ट सांगून घ्या.

बसवताना नळीच्या टोकाला स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावा, ग्रीस नको. सरळ ढकला. टच असा आवाज आला पाहिजे. आवाज आला तरी विश्वास ठेवू नका, नळी मागे ओढून बघा. सरकपट्टी असेल तर बसवा. नुसती रबरी रिंग बसली आणि पाकळ्या अडकल्या नाहीत, तर इंजिन सुरू होते, गळतही नाही, आणि रस्त्यात खड्डा आला की नळी सुटते. हा धोका सगळ्यात मोठा, कारण तो उभ्या गाडीत दिसत नाही.

युरियाची नळी

मोठ्या ट्रकांत आणि काही नव्या गाड्यांत धूर शुद्ध करायला युरियाचे पाणी लागते. त्याच्या नळीलाही असेच जोड असतात. किल्ली बंद केल्यावर पंप उरलेले पाणी टाकीत परत ओढतो, म्हणून काही मिनिटे थांबूनच जोड सोडवा. सांडलेले द्रावण वाळले की पांढरे खडे होतात, त्याने पाकळ्या जाम होतात. कोमट पाण्याने धुवा, डिझेलने नव्हे. एका बंधूने मला विचारले, गोणीतला युरिया पाण्यात टाकून चालेल का? नाही चालणार. गाडीचे द्रावण शुद्ध युरियाचे, ३२.५ टक्क्यांचे, क्षारमुक्त पाण्यातले असते. आपला अनुदानाचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप दिलेला येतो. तो पिकासाठीच आहे, आणि गाडीत घातला तर यंत्रणा बाद होते.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा जोड

डंपिंग ट्रॉलीच्या हायड्रॉलिक होजचा जोड आपण रोज हाताळतो. त्याला हत्यार नको, कॉलर मागे ओढली की सुटतो. पण दाब दीडशे-दोनशे किलोचा. ट्रॉली खाली टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर पुढे-मागे दोन-तीनदा हलवा, मग कॉलर ओढा. उचललेल्या ट्रॉलीखाली उभे राहून जोड कधीही सोडवू नये.

सोडवलेला होज उन्हात राहिला की आतले तेल फुगते आणि दुसऱ्या दिवशी जोड बसत नाही. मग आपण जोडाच्या टोकावर हातोडी मारतो. हे बंद करा. टोकाची झडप वाकते, आणि तेलाची धार हातात घुसू शकते. अवजार जमिनीवर टेकलेले असताना होजच्या दुसऱ्या टोकाचा नट फडक्यात गुंडाळून हळूहळू अर्धा वेढा ढिला करा, तेल पाझरून दाब उतरेल. तेलाची धार कातडीत शिरली तर जखम टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, पण त्याच तासात मोठ्या रुग्णालयात जा, आणि ‘हायड्रॉलिक तेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना सांगा. उशीर झाला तर बोट जाते.

नवा जोड घेताना जुन्याचा अर्धा भाग बरोबर न्या. अर्ध्या इंचाचे सगळे जोड सारखे नसतात. दोन वेगवेगळ्या घडणींचे अर्धे एकमेकांत बसत नाहीत, किंवा बसल्यासारखे वाटून आतली झडप उघडत नाही आणि ट्रॉली उचलत नाही.

आमच्या गटाच्या पिकअपमध्ये आता ७.९ आणि ९.५ च्या दोन प्लास्टिक बांगड्या, मापाच्या दोन रिंगा आणि वहीच्या कागदाची एक पट्टी एका डब्यात असते. ड्रायव्हरने डब्यावर खडूने लिहिले आहे : ‘आधी आत’. फिल्टर बदलल्यावर तो इंजिन पाच मिनिटे चालवतो, बंद करतो, जोडाखाली कोरडा पुठ्ठा ठेवतो, आणि पहाटे गाडी काढायच्या आधी पुठ्ठ्यावर डाग आहे का ते बघतो.